डॉ. लुसी विल्स : परळची प्रयोगशाळा, गरोदर बायका आणि यीस्टचा काळा अर्क



आठवड्यातून एकदा आपल्या शाळांमध्ये गोळी वाटली जाते. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून पुढे निळी. आपण तिला लोहाची गोळी म्हणतो. पण पाकीट हातात घेऊन नीट वाचलंत तर लोहाच्या शेजारी आणखी एक नाव दिसेल, ते म्हणजे फॉलिक ॲसिड. लोह कशासाठी हे मुलांना पाठ असतं. या दुसऱ्या नावाबद्दल मात्र मुलं विचारत नाहीत आणि खरं सांगायचं तर आपणही सांगत नाही.

या दुसऱ्या नावाची गोष्ट बऱ्याच अंशी आपल्या मुंबईत घडली आहे. परळच्या हाफकिन संस्थेत. आणि ती घडवली एका इंग्रज बाईंनी, डॉ. लुसी विल्स यांनी. १० मे २०१९ ला, त्यांच्या १३१ व्या जन्मदिनी गूगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं तेव्हा बऱ्याच लोकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. रक्तशास्त्राच्या डॉक्टरांमध्ये मात्र त्या आधीपासूनच प्रसिद्ध आहेत. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर धडा नाही, म्हणून हा आपला आपण लिहिलेला धडा समजा. आठवी-नववीच्या मुलांना वाचून दाखवता येईल असाच लिहितो आहे, मधले काही भाग फक्त तुमच्यासाठी आहेत.

जन्म आणि शिक्षण

लुसीचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. कोयते, विळे अशी धारेची अवजारं बनवण्याचा घरचा व्यवसाय होता. वडील विज्ञानाचे पदवीधर, आईचे वडील बर्मिंगहॅममधले नामांकित डॉक्टर. म्हणजे घरात विज्ञानाची बोलणी रोजचीच. त्या काळात इंग्लंडमध्येही मुलींना शिवण, चित्रकला आणि थोडं फ्रेंच शिकवलं की पुष्कळ झालं असं मानणारे लोक होते बरं का. लुसीला मात्र चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत घातलं, जिथे मुलींना गणित आणि विज्ञान खरोखर शिकवलं जायचं.

१९०७ मध्ये ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ मध्ये परीक्षा दिली, उत्तीर्ण झाली आणि पदवी मिळाली नाही! कारण काय, तर केंब्रिज विद्यापीठ बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही. ते दार उघडलं १९४८ मध्ये. हा मुद्दा वर्गात मुलींसमोर जरूर सांगा. सगळे अडथळे आपल्याकडेच होते असं मुलींना वाटत असतं, ते तसं नाही.

त्याच वर्षी वडील गेले. १९१३ मध्ये मोठी बहीण गेली. दुःखातून सावरायला आईबरोबर ती श्रीलंकेला जाऊन आली, मग १९१४ मध्ये भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला. तिथे असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. केप टाऊनच्या रुग्णालयात काही आठवडे तिने स्वयंसेविका म्हणून परिचारिकेचं काम केलं, आणि तिथेच पुढचं ठरलं. १९१५ च्या जानेवारीत लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात नाव घातलं. वय २६ पूर्ण.

या विद्यालयाचं आणि आपलं नातं जुनं आहे. डॉ. रखमाबाई इथल्याच. ज्यांनी बालपणी लावून दिलेलं लग्न मानायला नकार देऊन मुंबईच्या कोर्टात झुंज दिली त्याच रखमाबाई १८९४ मध्ये इथून डॉक्टर होऊन परतल्या. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं शिक्षणही याच विद्यालयातलं. तिथे भारतातल्या बायकांच्या आजारांची चर्चा होत असणार, यात नवल नाही.

१९२० मध्ये लुसी डॉक्टर झाल्या. वय ३२. रुग्ण तपासण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळेचं काम आवडलं. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्या रक्त आणि इतर द्रवांच्या रासायनिक तपासण्या करू लागल्या. आता इथून पुढे त्यांना लुसीबाई म्हणूया.

मुंबईला बोलावणं

१९२० च्या दशकात भारतात बाळंतपणात फार बायका दगावत. डॉ. मार्गारेट बाल्फोर या भारतात दीर्घकाळ काम केलेल्या डॉक्टर बाईंनी त्याची कारणं शोधायचा चंग बांधला होता. एक गोष्ट वारंवार दिसत होती. गरीब घरातल्या, त्यातही कापडगिरण्यांशी पोट बांधलेल्या घरांतल्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, पायांवर सूज येई आणि काही जणी बाळंतपणाआधी किंवा नंतर मरून जात. आपल्याकडे अंगात रक्त नाही म्हणतात, ते शब्दशः खरं होतं. पण हा नेहमीचा रक्तक्षय नव्हता. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी संख्येने थोड्या आणि आकाराने मोठ्या दिसत होत्या.

१९२८ मध्ये लुसीबाई या कामासाठी मुंबईत आल्या. परळचं हाफकिन हे त्यांचं मुख्य ठिकाण, आणि लेडी टाटा स्मृती न्यासाने पैशाची मदत केली. परळ का महत्त्वाचं? एका बाजूला प्लेगच्या लशीसाठी गाजलेली प्रयोगशाळा आणि भोवती गिरणगाव. ज्यांचा आजार शोधायचा त्या बायका भिंतीपलीकडेच राहत होत्या.

पेशी मोठ्या का होत होत्या हे आज आपल्याला माहीत आहे, तेव्हा नव्हतं. मुलांना सांगताना मी कणकेचं उदाहरण देतो. मोठा गोळा मळला, पण त्याचे लहान लहान उंडे करायला कुणी नाही. मग आठ पोळ्यांऐवजी दोन जाड रोट निघतात. आपल्या हाडांच्या मगजात तांबड्या पेशी तयार होतात तेव्हा एकीच्या दोन, दोनाच्या चार असं विभाजन व्हावं लागतं. विभाजनाआधी पेशीतल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्या नकलेसाठी फोलेट नावाचं जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की पेशी फुगते, पण विभागत नाही. गरोदर बाईच्या पोटात तर आणखी एक जीव रात्रंदिवस पेशी विभागत वाढत असतो, म्हणून तिला फोलेट सगळ्यांत जास्त लागतं आणि कमतरता सगळ्यांत आधी तिलाच जाणवते.

शोध कसा लागला

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिला संशय जंतूंवर. पोटात एखादा जंतू असेल आणि तो रक्त नासवत असेल. तेव्हा लुसीबाईंनी शौचाचे नमुने तपासले. आजारी आणि निरोगी बायकांत फरक सापडला नाही. संशय बाद.

मग त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या. तळपदे या सहकाऱ्यांसोबत त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या खाण्याची आणि राहणीची पाहणी केली. कोण काय खातं, घरात उजेड-वारा किती, बाहेर पडायला मिळतं की नाही. वेगवेगळ्या समाजांतल्या आणि वेगवेगळ्या आर्थिक स्थितीतल्या बायका त्यांनी यात घेतल्या. आजार गरिबीच्या मागून चालत होता. ज्या ताटात पालेभाजी, फळं, दूध नावालाच होतं त्या ताटाची बाई आजारी पडत होती. १९३० मध्ये ही पाहणी छापून आली. मला या पाहणीचं फार कौतुक वाटतं. नळ्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसणारी बाई आधी चुलीपाशी काय शिजतं हे विचारायला गेली!

पण ताट निकस आहे एवढ्याने सिद्ध काही होत नाही. त्यात नेमकं काय कमी आहे? अ जीवनसत्त्व? क जीवनसत्त्व? दोन्ही तपासली, दोन्ही कारण नव्हती. मग मेहता या सहकाऱ्यांसोबत उंदरांवरचे प्रयोग सुरू झाले. गरीब मुस्लिम बायका जे खात तेच अन्न उंदरांना दिलं. उंदीर फिकट पडले, गाभण माद्या विण्याआधीच मेल्या. त्याच अन्नात यीस्ट घातलं तर उंदीर बरे राहत. झालं, सापडलं! असंच कुणालाही वाटलं असतं.

इथे गंमत झाली. म्हणजे गंमत आपल्याला, त्यांची तर झोप उडाली असेल. उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्या उवांमधून उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाचा जंतू जात होता. हा जंतू स्वतःच रक्त कमी करतो. मग उंदीर फिकट पडले ते अन्नामुळे की उवांमुळे? निष्कर्ष डळमळला. दुसरं कुणी असतं तर उवांची गोष्ट तळटिपेत ढकलून मोकळं झालं असतं. लुसीबाईंनी आणि मेहतांनी या उवांच्या आजाराचाच वेगळा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला आणि पुढचे प्रयोग माकडांवर केले.

या दरम्यान त्यांची धावपळ बघा. १९२९ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर त्या निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत होत्या, जिथे रॉबर्ट मॅकॅरिसन आहाराचं संशोधन करत. १९३१ च्या सुरुवातीला मद्रासच्या कास्ट अँड गोषा रुग्णालयात होत्या. गोषा म्हणजे पडदा. ज्या बायका पुरुष डॉक्टरसमोर येणार नाहीत त्यांच्यासाठी ते रुग्णालय होतं. लुसीबाई बाई होत्या म्हणूनच हे संशोधन होऊ शकलं, असं माझं मत आहे. पुरुष डॉक्टरला या बायकांच्या रक्ताचा थेंबही मिळाला नसता.

आता यीस्टबद्दल. पाव फुगवायला लागतं ते यीस्ट आपल्याला माहीत आहे. बिअर बनवतानाही ते वापरतात आणि शेवटी पिंपाच्या तळाशी त्याचा गाळ उरतो. इंग्लंडमध्ये बर्टन हे बिअरसाठी प्रसिद्ध गाव. तिथे १९०२ मध्ये या टाकाऊ यीस्टपासून एक खाद्यपदार्थ करणारी कंपनी निघाली, त्याचं नाव मार्माइट. यीस्टमध्ये मीठ घालून ते आपल्याच रसात विरघळू द्यायचं आणि आटवायचं. होतं काय, तर काकवीसारखा काळपट दाट अर्क, पण गोड नाही, खारट. इंग्रज लोक पावाला अगदी पातळसा लावून खातात. चव ज्याला आवडते त्याला फार आवडते आणि ज्याला नाही त्याला बाटली उघडलेलीही सोसत नाही.

या अर्कात ब गटातली जीवनसत्त्वं भरपूर असतात हे तेव्हाही माहीत होतं. लुसीबाईंनी तो आजारी बायकांना द्यायला सुरुवात केली. काही दिवसांतच रक्तात नव्या, ताज्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. खाटेवरून उठवत नसलेल्या बायका सुधारू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे जाहीर केलं. निकस आहारावर ठेवलेल्या माकडांचाही रक्तक्षय याच अर्काने बरा झाला.

तेव्हा रक्तक्षयावर यकृत खायला देण्याचा उपाय गाजत होता. अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवलं होतं की पर्निशियस ॲनिमिया नावाच्या जीवघेण्या रक्तक्षयात रोज भरपूर यकृत खाल्लं की रोगी वाचतो. त्याबद्दल १९३४ चं नोबेलही मिळालं. मुंबईच्या बायकांच्या पेशी त्या रोगासारख्याच मोठ्या दिसत होत्या. मग तोच रोग असेल का? लुसीबाईंनी तपासलं. साधा, कच्चा यकृत-अर्क दिला तर फायदा होई. पण अतिशय शुद्ध केलेला अर्क, जो पर्निशियस ॲनिमियाच्या रोग्याला वाचवत होता, तो इथे निरुपयोगी ठरला. म्हणजे अर्क शुद्ध करताना काहीतरी गाळून टाकलं जात होतं आणि या बायकांना नेमकं तेच हवं होतं! त्या अज्ञात पदार्थाला पुढे शास्त्रज्ञ विल्स घटक म्हणू लागले.

शिवाय यकृत महाग, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या घशाखाली ते उतरलंही नसतं. यीस्टला ती अडचण नव्हती.

विल्स घटकाचा पुढचा प्रवास

हा घटक वेगळा काढून दाखवायला अजून दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेतला आणि त्यातून एक आम्ल वेगळं केलं. पानातून मिळालं म्हणून पानाच्या लॅटिन शब्दावरून, फोलियमवरून, त्याचं नाव ठेवलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेने ते रासायनिक पद्धतीने तयार केल्याचं प्रसिद्ध झालं. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. बघा, रोगी मुंबईचे, शोधणारी बाई इंग्रज, औषध घडवणाऱ्यांचा म्होरक्या आंध्रचा.

लगेच एक इशाराही मिळाला. बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडे रक्ताच्या कर्करोगाची लहान मुलं होती. त्यांना फॉलिक ॲसिड दिल्यावर रोग उलट वेगाने वाढलेला दिसला. कारण उघड आहे, कर्करोगाच्या पेशींनाही विभागायला तेच लागतं. मग फार्बर यांनी उलटा विचार करून फॉलिक ॲसिडला अडवणारं औषध दिलं आणि १९४८ मध्ये काही मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटल्याचं दाखवलं. आजही वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध त्याच घराण्यातलं. नैसर्गिक आहे, जीवनसत्त्व आहे, म्हणजे कितीही घ्या, अपाय होणार नाही, असं आपण सर्रास बोलतो ना? ही गोष्ट त्यावेळी आठवावी.

दुसरा मोठा टप्पा १९९१ चा. काही बाळांचा पाठीचा कणा किंवा कवटी नीट न मिटता जन्म होतो. गर्भातली ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे बऱ्याच जणींना आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्याही आत. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. म्हणून आता मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायला सांगतात. ज्यांचं आधीचं बाळ असं होतं त्यांना डॉक्टर यापेक्षा मोठी मात्रा देतात. शिक्षिका मैत्रिणींनो, सुनेला, धाकट्या जावेला, नव्या लग्न झालेल्या सहकारी बाईंना हे सांगाच. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरकडे नाव घालायला गेल्यावर मिळालेली गोळी रक्तासाठी उपयोगी आहे, पण त्या नळीसाठी उशीर झालेला असतो.

शाळेतली गोळी आणि बाजारातले डबे

ॲनिमिया मुक्त भारत या कार्यक्रमात निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, गुलाबीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदर बाईला रोजची लाल गोळी, निदान १८० दिवस. आपण वाटतो ती गोळी मुलं तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकतात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पालकांनाही भीती असते. शौचाला काळं होतं, मळमळतं, कुणीतरी मोबाइलवर काहीतरी पाठवलेलं असतं. काळं होतं ते लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ बहुतेक वेळा उपाशीपोटी घेतल्याने होते, म्हणून खिचडी झाल्यावर गोळी द्यायची. गोळीबरोबर किंवा लगेच मागून चहा नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असलेल्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नये, हे मुख्याध्यापकांनी नोंदवहीत लिहूनच ठेवावं.

गंमत अशी की हीच फुकटची, अभ्यासातून आलेली गोळी नको म्हणणारे पालक हजारभर रुपयांचा हिरव्या पावडरीचा डबा आनंदाने घेतात. स्पिरुलिना, गव्हांकुर, शेवग्याच्या पानांच्या गोळ्या, कसलेकसले रस. शेवग्याची पानं वाईट नाहीत हो, उत्तम आहेत, भाजी करून खा. पण डबा विकणाऱ्याला विचारून बघा, माझ्या मुलाच्या अंगात नेमकं काय कमी आहे आणि हे त्याने भरून निघतं हे कुणी कसं तपासलं? मार्माइटही तसं कंपनीचंच उत्पादन होतं. ते औषध ठरलं, कारण परळला कुणीतरी आधी ताटं तपासली, रक्त मोजलं, उवांपाशी अडल्यावर निष्कर्ष मागे घेतला आणि पुन्हा पाहिलं. ज्यांच्यात फोलेट कमी होतं त्यांना फायदा झाला. ज्याच्या आहारात ते पुरेसं आहे त्याने बाटलीभर यीस्ट खाल्लं तरी त्याचं रक्त वाढणार नाही.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. मोठ्या पेशींचा रक्तक्षय दोन कमतरतांनी होतो, फोलेटच्या आणि ब-१२ च्या. पर्निशियस ॲनिमिया हा ब-१२ चा. म्हणूनच तिथे शुद्ध यकृत-अर्क चालला आणि मुंबईत नाही चालला. ब-१२ दूध, अंडी, मांसाहार यांतून मिळतं, पालेभाजीत ते नसतं. ब-१२ कमी असताना कुणी स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिडच्या मोठ्या गोळ्या सुरू केल्या तर रक्ताचा अहवाल सुधारतो, सगळे खूश होतात आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका, आधी तपासणी.

फोलेटसाठी मार्माइट शोधत फिरायचं कारण नाही. हरभरा, चवळी, मूग, मसूर, शेंगदाणे, पालक, मेथी यांत ते चांगलं असतं. पण ते उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरतं. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतलं, की चांगला भाग मोरीत गेला. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, लवकर शिजवावा. शाळेच्या पोषण आहारातली उसळ याच दृष्टीने मोलाची आहे, ताटात मुलं बाजूला सारतात तीच.

मुंबई सोडल्यानंतर

आता पुन्हा लुसीबाईंकडे. १९३३ मध्ये त्या लंडनला रॉयल फ्रीमध्ये परतल्या. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा हाफकिनला यायला निघाल्या, तेव्हा प्रथमच विमानाने, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. कराचीपर्यंत यायलाच पाच दिवस लागले. या खेपेला दहा आठवडे राहून त्यांनी जुना अभ्यास पुढे नेला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लंडनमधल्या रुग्णालयाचं काम सोडलं नाही. जुलै १९४४ मध्ये उडता बॉम्ब पडून रॉयल फ्रीच्या कामाची वाताहत झाली. त्याच काळात, अन्न शिधापत्रिकेवर मिळत असताना गरोदर बायकांचं रक्त कसं राहतं आणि लोह दिल्याने फरक पडतो का, याचाही त्या अभ्यास करत होत्या. तो १९४७ मध्ये छापून आला, आणि त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

निवृत्त झाल्या म्हणजे घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे जाऊन आहार आणि रक्तक्षय यांवर काम करत राहिल्या. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. लग्न केलं नाही. सायकलवरून फिरत, बर्फावर घसरपट्टीचा खेळ खेळत, बाग करत. वनस्पतिशास्त्राची ओढ शेवटपर्यंत सुटली नाही. मोठा पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही.

१६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांचा घटक पालकातून वेगळा होऊन तेव्हा २३ वर्षं झाली होती, आणि गर्भातल्या बाळाच्या कण्यासाठीही तो लागतो हे सिद्ध करणारा अभ्यास यायला अजून २७ वर्षं होती.